म्हणे ट्रॉलीला पासिंग लागत नाही

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या ऊसपट्ट्यातल्या ग्रुपांवर दरवर्षी तोच मेसेज फिरतो. ट्रॉलीला इंजिन नाही, म्हणून ती वाहन नाही. तिला नंबर, पासिंग, विमा काही लागत नाही, ट्रॅक्टरची कागदपत्रं पुरतात, सुप्रीम कोर्टानंही तसं सांगितलंय. आणि गावच्या वेल्डरनं बांधलेली ट्रॉली कंपनीच्या ट्रॉलीपेक्षा भक्कम, तिला कसली तपासणी?

इंजिनाचं आधी बघू. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम २(२८) : ‘मोटार वाहना’च्या व्याख्येत ट्रेलर, म्हणजे आपली ट्रॉलीच, नाव घेऊन घातलेला आहे. कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय वाहन रस्त्यावर आणता येत नाही. ट्रॉलीला तिचा वेगळा नंबर मिळतो, ट्रॅक्टरचाच नंबर मागच्या फाळक्यावर रंगवून भागत नाही. बिननोंदणीचं वाहन पहिल्यांदा सापडलं तर कायद्यात ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

आता नोंदणीला विक्रीचा दाखला म्हणजे फॉर्म २१ लागतो, बनवणाऱ्यानं दिलेला रस्तायोग्यतेचा फॉर्म २२ लागतो. वेल्डरची वहीतली पावती तिथं कोण विचारतो? हेलपाट्यांनी माणूस वैतागतो, हे मलाही कबूल. पण मिळायला अवघड म्हणजे लागतच नाही, हे कुठलं गणित?

सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, २००१ चा. तो लायसनबद्दल आहे. ट्रॅक्टरचं लायसन असलेल्या माणसानं मागं ट्रॉली जोडली म्हणून त्याचं लायसन बाद होत नाही, एवढंच कोर्ट म्हणालं. त्यातून ट्रॉलीची नोंदणी किंवा विमा माफ होत नाही. ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ट्रॉली लिहिली आहे का, तिचा हप्ता भरलाय का, हे कपाटातून कागद काढून बघा. अपघाताच्या दाव्यात विमा कंपन्या नेमकं त्यावरच बोट ठेवतात.

राहिला भक्कमपणा. आमच्या वेल्डरच्या हाताला तोड नाही, लोखंडी चॅनेल वाकेल पण जोड सुटणार नाही. पण त्याच्या ट्रॉलीला ब्रेक कुठाय? ट्रॅक्टरचे ब्रेकही बहुतेक मागच्या दोन चाकांनाच. भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला मागून रेटते आणि जोडापाशी दोन्ही दुमडतात. पत्रा जितका जाड, तितका रेटा जास्त. त्यात शेतात वळायला सोपं जावं म्हणून डावा-उजवा ब्रेक सुटा ठेवलेला असतो. रस्त्यावर येताना दोन्ही पेडलं जोडणारी खिट्टी लावायची राहिली, तर ब्रेक एकाच चाकाला लागतो आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. डबल ट्रॉलीचं तर बोलायलाच नको.

मागं दोन लाल रिफ्लेक्टर हवेत, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०४ वा नियम सांगतो. माझ्या ट्रॉलीला ते होते. मागच्या हंगामात एका रात्री ती भरून पुढं काढली आणि मी मोटारसायकलवर मागून निघालो. एक रिफ्लेक्टर लोंबणाऱ्या वाढ्यांखाली, म्हणजे उसाच्या शेंड्यांखाली गेलेला, दुसऱ्यावर चिखल वाळलेला. मला आधी ड्रायव्हरनं लावलेलं गाणं ऐकू आलं, ट्रॉली दिसली ती नंतर.