बंदा रुपया द्या, ढब्बू पैसा घ्या

हाताशी थोडा पैसा साठला असेल आणि तो कुठे घालवावा ही विवंचना असेल, तर जागा-जमिनीच्या फंदात पडू नका. जुनी ब्रिटिश नाणी आणि टोकनं, म्हणजे सरकारऐवजी व्यापाऱ्यांनी काढलेली खासगी नाणी, जमवायला लागा. या छंदात पैसे देऊन पैसेच मिळतात; दिलेले चालतात आणि घेतलेले चालत नाहीत, एवढाच काय तो फरक.

आधी हिशेब घोका. 12 पेन्सचा (एक असेल तर पेनी) शिलिंग, 20 शिलिंगांचा पौंड, म्हणजे पौंडाला 240 पेन्स. शिवाय गिनी 21 शिलिंगांची. हे लोढणं ब्रिटिशांनी 15 फेब्रुवारी 1971 ला गळ्यातून काढून टाकलं. ते रिकामंच आहे, तुम्ही घालून घ्या.

पहिली खरेदी 1797 च्या ‘कार्टव्हील’ टूपेन्सची, म्हणजे गाडीच्या चाकासारख्या दोन पेन्सच्या नाण्याची करा. बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत मॅथ्यू बोल्टननं वाफेच्या यंत्रावर पाडलेला हा तांब्याचा ढब्बू. नाण्यात किमतीइतकं तांबं असलंच पाहिजे, या हट्टापायी पेनी एक औंसाची आणि टूपेन्स दोन औंसांचा, म्हणजे जवळजवळ 57 ग्रॅमचा झाला. चार टूपेन्स खिशात टाकले की विजार सावरत चालायचं! पुढे पुष्कळ टूपेन्स तराजूत वजन म्हणून बसले. पण काठ ठेचलेलं असलं कष्टाळू नाणं तुम्ही चुकूनही घेऊ नका. सव्वादोनशे वर्षांत ज्यानं एक पावसुद्धा विकत आणला नाही, तेच नाणं कुलवंत. भाव त्याचाच.

खरी मौज टोकनांची. 1775 नंतर सरकारी टांकसाळीनं तांब्याची नाणी पाडणं जवळपास सोडून दिलं. व्यवहार थोडाच थांबतो? बाजारात खोट्या हाफपेनींचा, म्हणजे अर्ध्या पेनीच्या नाण्यांचा, सुळसुळाट झाला. त्यातही काही कारागीर कायद्याचे पक्के जाणकार. खऱ्या नाण्यावरच्या ‘जॉर्जियस रेक्स’ (लॅटिनमध्ये ‘जॉर्ज राजा’) ऐवजी त्यांनी ‘जॉर्ज रूल्स’ छापलं, ‘ब्रिटानिया’ या ब्रिटनच्या देवीच्या नावाजागी ‘बॉनी गर्ल’, म्हणजे ‘गोड पोरगी’, बसवली. मग नक्कल केली असं म्हणणार कोण? कारखानदार असला माल स्वस्तात उचलून मजुरीत वाटत. वाचता न येणाऱ्या मजुरानं ती मुकाट घेतली. वाचता येणारे तुम्ही आता मोठ्या हौसेनं, लिलावात बोली लावून घ्या.

1787 मध्ये वेल्सच्या अँगलसी बेटावरच्या पॅरिस माइन या खाण कंपनीनं स्वतःच्या तांब्याची पेनी काढली. एका बाजूला दाढीवाला ड्रुइड, म्हणजे तिथला प्राचीन पुरोहित, आणि काठावर वचन: लंडन, लिव्हरपूल किंवा अँगलसीत मागाल तेव्हा मोबदला मिळेल. खाणीच्या कंपनीनं सरकारपेक्षा चोख नाणं द्यावं, हे जरा अतीच झालं. मग गावोगावच्या व्यापाऱ्यांनी आपापली टोकनं काढली आणि पाठोपाठ ती जमवणारेही उगवले. कारागिरांनी हे गिऱ्हाईक बरोबर ओळखलं. एका टोकनाचं तोंड, दुसऱ्याची पाठ, की झाला दुर्मिळ नमुना तयार! लंडनचा थॉमस स्पेन्स, जमीन सगळ्यांच्या मालकीची असावी म्हणणारा आणि त्यापायी तुरुंगात गेलेला पुस्तकविक्रेता, तोही आपले ठसे असेच उलटसुलट जुळवून टोकनं विकायचा. जमीनदारी बुडवायला निघालेल्यालासुद्धा संग्राहकाचा पैसा वर्ज्य नव्हता. तेव्हा आपण फसवले जातोय की काय, अशी शंका मनात आणू नका. ही परंपराच आहे.

ऐपत असेल तर 1933 ची पेनी गाठा. त्या वर्षी बाजारात पेनी उदंड होत्या, नव्यांची गरजच नव्हती. इमारतींच्या पायाभरणीत ठेवायला वगैरे म्हणून मोजक्या पाडल्या. पुढे 1970 मध्ये लीड्सच्या एका चर्चच्या पायातली चोरांनी पळवली. ते पाहून तिथल्याच दुसऱ्या चर्चच्या पायातली, चोरांनी तसदी घ्यायच्या आत, धर्माधिकाऱ्यांनीच काढून विकायला लावली. श्रद्धेचा पाया किती भक्कम, ते यावरून कळावं.

एवढी ऐपत नसेल तर आपल्याकडचा जुना बाजार आहेच. ईस्ट इंडिया कंपनीचं, 1818 सालचं, मारुतीचं किंवा राम दरबाराचं नाणं तिथे हमखास मिळतं. कंपनीनं असलं नाणं कधी पाडलंच नाही, असं जाणकार सांगतील. सांगू द्या. पेशवाई बुडवली त्याच वर्षी कंपनीला मारुतीराया आठवला, यात न पटण्यासारखं काय आहे? नाण्यात दैवी ओढ आहे म्हणत विकणारा त्याला तांदूळ चिकटवून दाखवेल. तेवढ्यात घासाघीस करून घ्या, पावती मागू नका आणि घरी नेऊन चिंचेनं लख्ख घासा. खऱ्या जुन्या नाण्याची किंमत अशा घासण्यानं निम्म्यावर येते. याची मात्र कणभरही कमी होणार नाही.