वेदपठण, रक्त आणि स्पेलिंग बी: दरवर्षी फिरणाऱ्या एका फॉरवर्डला उत्तर

मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकेत नॅशनल स्पेलिंग बीची, म्हणजे इंग्रजी शब्दांचं स्पेलिंग अचूक सांगायच्या शाळकरी मुलांच्या देशव्यापी स्पर्धेची, अंतिम फेरी होते, आणि इकडे पहिला पाऊस पडायच्या आत आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर तोच मजकूर फिरायला लागतो. विजेत्याचा फोटो तेवढा नवा असतो. मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: भारतीय वंशाची मुलं ही स्पर्धा जिंकतात कारण पाठांतर आपल्या रक्तातच आहे. हजारो वर्षांच्या वेदपठणाने आणि संस्कृतच्या संस्काराने आपला मेंदू तसा घडला आहे. अमेरिकी मुलांना पाठांतराचा कंटाळा, म्हणून ती मागे पडतात. तिथे फक्त गुणवत्ता बघतात, म्हणून आपली मुलं पुढे येतात. आणि हीच मुलं पुढे नासा न् गूगल चालवतात.

यातलं खरं काय ते आधी सांगून टाकतो. १९९९ ते २०२५ या काळात या स्पर्धेचे ३६ विजेते झाले, त्यांतले ३० भारतीय वंशाचे. २००८ पासून २०१९ पर्यंत एकही वर्ष असं गेलं नाही की विजेत्यांमध्ये भारतीय नाव नव्हतं. २०१९ ला तर आयोजकांकडचे अवघड शब्द संपत आले तरी मुलं चुकेनात, शेवटी आठ जणांना मिळून विजेते जाहीर करावं लागलं. त्या आठांत सात भारतीय वंशाचे, आणि त्यात एक सुखटणकरही. अमेरिकेच्या लोकसंख्येत भारतीय वंशाची माणसं दीड टक्क्याच्या आसपास आहेत हे लक्षात घेतलं तर हा प्रकार खरोखरच अचाट आहे. वाद आकड्यांशी नाही. त्यांच्या शेपटाला जी कारणं बांधलेली आहेत, त्यांच्याशी आहे.

‘रक्तातच आहे.’ स्पर्धा सुरू झाली १९२५ साली. लुइव्हिलच्या कुरियर-जर्नल या वर्तमानपत्राने ती उभी केली, पहिल्या वर्षी अंतिम फेरीला नऊ मुलं होती, आणि फ्रँक न्यूहाउझर नावाचा मुलगा ‘ग्लॅडिओलस’ या शब्दावर जिंकला. पहिला भारतीय वंशाचा विजेता बालू नटराजन. साल १९८५. म्हणजे मधली साठ वर्षं हे रक्त काय करत होतं? त्यानंतर १९८८ ला रागेश्री रामचंद्रन, आणि मग थेट १९९९ ला नुपूर लाला. रक्त काही ऐंशीच्या दशकात बदललं नाही. बदलला होता तो कायदा.

१९६५ पर्यंत अमेरिकेचे दरवाजे भारतीयांना जवळजवळ बंद होते. त्या वर्षीच्या कायद्याने देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडली आणि शिकलेल्या, हुन्नर असलेल्या माणसांना वाट दिली. डॉक्टर गेले, इंजिनिअर गेले, संशोधक गेले. १९९० च्या कायद्यानंतर एच-वन-बी हा कामाचा व्हिसा घेऊन संगणकवाले गेले. ही भारताची सरासरी नव्हती, बारीक चाळणीतून चाळून घेतलेली माणसं होती. आज तिथल्या भारतीय वंशाच्या प्रौढांत चारांतले तीन पदवीधर आहेत. एकूण अमेरिकेत हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याच्या थोडं वर जातं. पुस्तकांनी भरलेल्या घरात, परीक्षा देऊनच आयुष्य घडलेल्या आईबापांच्या हाताखाली वाढलेली मुलं परीक्षेसारख्या स्पर्धेत पुढे असतील तर त्यात जनुकं शोधायचं कारण नाही. रक्ताचाच प्रश्न असता तर ते लातूर-बीडकडेही तेवढंच आहे.

तरी नुसत्या शिकलेल्या आईबापांनी हे घडत नाही. चिनी, कोरियन घरांतूनही शिक्षणाचा ध्यास असतोच की. इथे फॉरवर्ड लिहिणाऱ्याला ठाऊक नसलेली एक संस्था येते: नॉर्थ साउथ फाउंडेशन. रत्नम चित्तुरी यांनी १९८९ साली ती स्थापन केली ती भारतातल्या गरीब, हुशार मुलांना शिष्यवृत्त्या द्यायला. १९९३ पासून तिने अमेरिकेतल्या भारतीय मुलांसाठी स्पेलिंगच्या स्पर्धा भरवायला सुरुवात केली. गावोगावच्या शाखा, शनिवार-रविवारी कुठल्या तरी शाळेच्या हॉलमध्ये फेऱ्या, सतरंज्या उचलण्यापासून शब्द वाचण्यापर्यंत सगळं काम आईबापच करणार. इकडे गणेशोत्सव मंडळं चालतात त्या धाटणीचा कारभार. २००८ पासून साउथ एशियन स्पेलिंग बी ही आणखी एक स्पर्धा आली. परिणाम असा की मोठ्या मंचावर पाय ठेवण्याआधी ही मुलं माइकसमोर उभं राहून, चुकल्यावर वाजणारी घंटी ऐकून, हरून, पुन्हा पुढच्या वर्षी येऊन पार मुरलेली असतात. कावेबाज काही नाही यात. पण रक्तबिक्तही नाही, ही घडी बसवायला माणसांनी वर्षानुवर्षं सुट्ट्या घातल्या आहेत.

‘वेदपठणाची परंपरा.’ विजेत्यांची नावं तरी वाचा. २००० चा विजेता जॉर्ज अब्राहम थम्पी. २०१९ च्या आठांतला एक ख्रिस्तोफर सेराओ. २०२५ चा फैजान झाकी. यांच्या घरी कुठल्या शाखेची संथा चालत होती? आणि वेद म्हणायची मुभा आपल्याकडे किती जणांना होती, हे निदान मराठी माणसाने तरी विसरू नये. १८९९ साली कोल्हापुरात प्रत्यक्ष छत्रपतींना वेदोक्त मंत्र नाकारले गेले, त्यावरून किती वर्षं रान पेटलं. ज्या परंपरेतून बहुसंख्य समाजाला शतकानुशतकं बाहेर ठेवलं, ती आता एकाएकी सगळ्यांच्या मेंदूत कशी शिरली?

संस्कृतचा मुद्दा तर उलटाच पडतो. देवनागरीत बोललं तसं लिहिता येतं. आमचा सगळा छळ ऱ्हस्व-दीर्घाचा, आणि तोही पेपर तपासणाऱ्याच्या हातात लाल पेन असेल तेव्हाच. इंग्रजीत स्वर आघात नसलेल्या जागी आला की ए, ई, आय, ओ, यू हे पाचही एकच पुसट ‘अ’ होऊन बसतात. कानाला काहीच कळत नाही. स्पर्धेतली बरीच मुलं पडतात ती याच अ-पाशी. तिथे पाणिनी मदतीला येत नाही. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन येतात.

‘पाठांतराची कमाल.’ हा दावा कौतुकाच्या सुरात केला जातो, आणि टीकाकारही हेच नाक मुरडून म्हणतात: शेवटी घोकंपट्टीच ना? दोघांनीही स्पर्धा बघितलेली नाही. अधिकृत शब्दकोश मेरियम-वेबस्टरचा मोठा अनअब्रिज्ड, त्यात पावणेपाच लाखांच्या घरात नोंदी. तेरा वर्षांच्या पोराने तो पाठ केला असं मानणाऱ्याने एकदा त्यातलं एक पान पाठ करून दाखवावं.

प्रत्यक्षात काय चालतं ते २०२३ च्या शेवटच्या शब्दात दिसतं. शब्द होता ‘सॅमोफाइल’: वाळूत राहणारा जीव किंवा वनस्पती. देव शाह या मुलाने उच्चार ऐकला आणि तो विचारत सुटला. सॅमो म्हणजे वाळू, ग्रीक का? हो. फाइल म्हणजे प्रेम करणारा, ग्रीक? हो. ग्रीक मूळ कळलं की सुरुवातीला न ऐकू येणारा पी घ्यायचा हे कळलं, कारण ग्रीकमध्ये प-स मिळून एकच अक्षर आहे आणि इंग्रजीत ते पी-एस असं उतरतं. ‘फ’ साठी पी-एच, तेही त्याच हिशेबाने. असं हे प्रकरण तर्काने सुटतं. नियम माहीत असतील तर न पाहिलेला शब्दही पकडता येतो.

आणि विचारलं नाही तर काय होतं, तेही २०२५ ला साऱ्यांनी पाहिलं. अंतिम फेरीत तिघेच उरलेले. फैजान झाकीच्या सोबतच्या दोघांची आडनावं कदम आणि धारवणे, म्हणजे आपल्या ग्रुपांवर त्या रात्री झोप नसणार. दोघेही त्या फेरीत चुकले. आता फैजानला एक शब्द बरोबर सांगायचा की करंडक त्याचा. शब्द आला ‘कॉमेलिना’. अर्थ विचारला नाही, मूळ विचारलं नाही, गडी जोशात येऊन सुरूच झाला: के, ए, एम… आणि तिथेच थबकला. चूक त्याची त्यालाच कळली, घंटी वाजवा म्हणाला. कदम-धारवणे परत खेळात. कॉमेलिना म्हणजे आपल्या शेतात पावसाळ्यात माजतो तो निळ्या फुलांचा केना, काही घरी त्याची भाजी करतात. वनस्पतीचं शास्त्रीय नाव, एका डच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या घराण्यावरून ठेवलेलं. एवढं विचारून घेतलं असतं तर सी सोडून के कडे जायचं कारणच नव्हतं. पुढे तोच जिंकला, ‘एक्लेर्सिस्मां’ या फ्रेंच शब्दावर, पण तोवर बघणाऱ्यांच्या काळजाचं पाणी झालं होतं.

मेहनत मात्र आहे, आणि ती मुळीच रंजक नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ अँजेला डकवर्थ आणि सहकाऱ्यांनी अंतिम फेरीतल्या मुलांचा अभ्यास केला होता. अवांतर वाचन, कुणाकडून तरी शब्द विचारून घेणं, आणि एकट्याने बसून शब्दांचा, मुळांचा अभ्यास, असे तयारीचे तीन प्रकार त्यांनी तपासले. मुलांना सगळ्यात कंटाळवाणा वाटणारा तिसरा, आणि निकालाशी सगळ्यात घट्ट जुळणाराही तिसराच. २०२१ पासून तर मंचावर शब्दाचा अर्थही विचारतात. ‘रक्तातच आहे’ म्हटलं की या एकट्याने बसलेल्या संध्याकाळी हिशेबातून गायब होतात, हे फॉरवर्ड करणाऱ्याच्या ध्यानात येत नसावं.

‘अमेरिकी मुलांना कंटाळा.’ स्पेलिंग घोकणं हे खास अमेरिकी वेड आहे. नोआ वेबस्टरचं स्पेलिंगचं पुस्तक १७८३ चं. त्यावर पिढ्या वाढल्या, आणि गावच्या शाळेत रात्री दिवे लावून स्पेलिंगच्या लढती व्हायच्या. आपल्या मुलांनी त्यांचाच खेळ उचलला. २०२१ ची विजेती झायला अवांगार्द ही आफ्रिकी-अमेरिकी मुलगी, आणि बास्केटबॉलमधले गिनीज विक्रम तिच्या नावावर वेगळेच. ती कंटाळली असती तर?

‘फक्त गुणवत्ता बघतात.’ हे वाक्य १९३६ च्या मॅकनोलिया कॉक्सला सांगून बघा. ओहायोतल्या अक्रनची तेरा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी, अंतिम फेरीत शेवटच्या पाचांत पोचलेली. वॉशिंग्टनला जाताना तिला वेगळ्या डब्यात बसावं लागलं, बाकी मुलं उतरली त्या हॉटेलात तिला जागा नव्हती, मेजवानीला टेबल वेगळं. आणि तिला शब्द दिला ‘नेमेसिस’. ग्रीक देवतेचं नाव! विशेषनामं स्पर्धेत चालत नव्हती. हरकत घेतली गेली, फेटाळली गेली, ती बाद. पहिली आफ्रिकी-अमेरिकी विजेती व्हायला त्यानंतर ८५ वर्षं लागली.

अलीकडची गोष्ट पैशाची आहे. आपल्या भागातून प्रायोजक मिळाला नाही किंवा तिथली फेरी हरली, तरी फी भरून राष्ट्रीय फेरीत यायची सोय २०१८ ला काढली. फी ७५० डॉलर, वर प्रवास आणि हॉटेल पदरचं. त्या वर्षीचा विजेता कार्तिक नेम्मानी याच दाराने आला होता. पोराची गुणवत्ता वादातीत, पण त्याच्याच तोडीचं एखादं पोर ७५० डॉलर नाहीत म्हणून घरी बसलं असेल, ते कुठल्या यादीत दिसणार? पुढच्याच वर्षी स्पर्धकांचा आकडा ५६२ वर गेला, निम्म्याहून अधिक याच दाराने आलेले. ती सोय नंतर बंद केली, हे बरं झालं. खासगी शिकवण्या मात्र चालूच आहेत. कालचे स्पर्धक आज शब्दांच्या याद्या विकतात, आणि त्या सगळ्यांना परवडतात असं नाही.

‘पुढे नासा आणि गूगल.’ नटराजन क्रीडावैद्यक झाले, रामचंद्रन पॅथॉलॉजिस्ट, नुपूर लाला मेंदूच्या कर्करोगाची डॉक्टर. उत्तम. २००२ चा विजेता प्रत्युष बुद्दिगा मात्र व्यावसायिक पोकर खेळायला लागला, आणि त्यातही त्याने भरपूर कमावलं. हे कुठल्याच फॉरवर्डमध्ये नसतं.