फुकटच्या खताचा ट्रक आणि त्याचा रिपोर्ट

दिवाळी झाल्यावर आमच्या केरीच्या (गोव्यातलं फोंड्याचं केरी, सत्तरीचं नव्हे) कुळागरात, म्हणजे पोफळी-केळींच्या बागेत, एक ट्रक खत येऊन पडलं. फुकट. दिराच्या ओळखीचा एकजण एका मोठ्या हाउसिंग कॉम्प्लेक्सचा एसटीपी (सांडपाणी साफ करायचा प्लांट) बघतो, त्यांच्याकडे स्लज, म्हणजे प्लांटचा गाळ, साठून राहिलेला, टाकायला जागा नाही, म्हणून त्याने फोन केला, "व्हरता जाल्यार व्हर, ना जाल्यार दुसऱ्याक दितां" (नेतोस तर ने, नाहीतर दुसऱ्याला देतो). दिराने मला विचारलं नाही, बाबांना विचारलं. बाबा म्हणजे माझे सासरे, वय ७८, शेणखताचा ट्रॅक्टर हल्ली केवढ्याला पडतो हे त्यांना तोंडपाठ, ते कशाला नाही म्हणतील! काळंभोर, भुसभुशीत, वाससुद्धा फारसा नाही. मला वाटलेलं नाक धरून उभं राहावं लागेल. खरं सांगते, दिसायला ते आमच्या गोठ्यातल्या खतापेक्षा बरं दिसत होतं.

बाबांना ते तांबड्या भाजीच्या वाफ्यांत घालायचं होतं. मी म्हटलं, जरा थांबूया. झालं, तिथून सुरू झालं.

माझी अडचण अशी की मी १४ वर्षं औषध कंपनीच्या क्यूसी, म्हणजे दर्जा तपासायच्या, लॅबमध्ये काढलीत. त्यामुळे एक वाईट खोड लागलीय, कुणी "टेस्टेड आहे" म्हटलं की माझ्या तोंडातून आपोआप निघतं, "कशासाठी?" घरात या प्रश्नाला सगळे वैतागलेत, नवरा तर हॉटेलात माझ्यासोबत बसायला घाबरतो. तर मी दिराला सांगितलं, रिपोर्ट मागव. आला पण लगेच, व्हॉट्सॲपवर पीडीएफ. पीएच, बीओडी, सीओडी, टीएसएस (पाण्यात तरंगणारे कण), ऑइल अँड ग्रीस, फीकल कॉलिफॉर्म (मैल्यातले जंतू). सगळं नॉर्म्सच्या आत. बाबा म्हणाले, बघ. मी बघितलं. वर लिहिलेलं, सॅम्पल: ट्रीटेड वॉटर. म्हणजे तो रिपोर्ट पाण्याचा होता, आमच्या अंगणात पडलेल्या ढिगाचा नव्हताच! परत विचारलं तर तिकडून उत्तर आलं, "मॅडम, ते खत आहे, खताचा कसला रिपोर्ट?"

आता यात त्या माणसाला मी दोष देत नाही. त्याच्याकडून जे मागतात ते तो देतो. पण ही गोष्ट जरा नीट समजून घ्या, कारण आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं (मलाही वाटायचं) की एसटीपीत घाण जाते आणि आतल्या आत नाहीशी होते. बॅक्टेरिया मळ खातात हे खरं, पण जे त्यांना खाता येत नाही त्याचं काय होतं? जे पाण्यात विरघळतं ते बरंचसं पाण्याबरोबर बाहेर पडतं, आणि जे तेलकट, चिकट, जड असतं ते गाळाला धरून खाली बसतं. तोच गाळ म्हणजे स्लज. मायक्रोप्लास्टिकचंच घ्या, चांगला चालणारा प्लांट पाण्यातलं ९० टक्क्यांहून जास्त मायक्रोप्लास्टिक काढतो असं वाचून आपण खूश होतो, पण काढतो म्हणजे टाकतो कुठे, तर बहुतेक सगळं स्लजमध्ये. धातूंचंही बरंचसं तसंच. म्हणजे पाण्याचा रिपोर्ट जितका छान तितका ढीग जास्त तपासून बघायला पाहिजे, आणि आपण नेमकं उलटं करतो.

आणि तो पाण्याचा रिपोर्ट तरी काय सांगतो? बीओडी म्हणजे पाण्यातले जंतू ठरावीक दिवसांत किती ऑक्सिजन खातात त्याचं माप. इंग्लंडात १९१२ साली रॉयल कमिशनने ठरवलेली पद्धत, तिथे पाच दिवस ठेवायचे, कारण सांगतात की तिकडच्या नद्यांचं पाणी पाच दिवसांत समुद्राला मिळतं. आपल्याकडे गरम हवा म्हणून २७ डिग्रीवर तीन दिवस. टेस्ट चांगली आहे, पाण्यात मैला किती उरलाय ते सांगते. पण शंभर वर्षांपूर्वी सांडपाण्यात मैला, साबण, राख असायची. आता बीपीची गोळी, शुगरची गोळी, अँटिबायोटिक, शाम्पू, सनस्क्रीन, नॉनस्टिक तवा घासलेलं पाणी, पॉलिएस्टरच्या लेगिंग्जचे धागे, सगळं त्याच पाइपातून जातं आणि यातलं काय किती आहे हे बीओडीला कळायचा काही मार्गच नाही. २०१७ ची केंद्राची एसटीपीची अधिसूचना बघा, तिच्यात पीएच, बीओडी, टीएसएस, फीकल कॉलिफॉर्म, संपलं. ठिकाणाप्रमाणे बीओडी लिटरला २० मिलिग्रॅम की ३० यावर भांडण, २०१९ मध्ये हरित लवादाने ते १० वर आणायला सांगितलं, त्यात नायट्रोजन-फॉस्फरस घातले. बरंच झालं. पण औषधाचा एक कणही त्या यादीत नाही.

लॅबमध्ये काम केलेल्यांना हे लगेच कळेल. एचपीएलसीवर (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजायचं मशीन) सॅम्पल घातलं की पीक, म्हणजे आलेखावर सुळके, येतात, पण ज्या पदार्थाचं स्टँडर्ड (शुद्ध नमुना) तुमच्याकडे आहे त्याचंच नाव तुम्ही सांगू शकता. बाकीचे पीक दिसतात, त्यांना नाव नाही. आणि मेथडच दुसऱ्या कशासाठी लावलेली असेल तर दिसतसुद्धा नाहीत. म्हणून "काही सापडलं नाही" असं कुणी म्हणालं की मी विचारते, शोधलेलं काय?

तुम्हाला २०१८ चं फॉर्मेलिन आठवत असेल, मासे टिकवायला मारतात असा संशय होता ते रसायन. जुलै महिना, मासळीबंदीचे दिवस, बाहेरून येणारी मासळी, सकाळी मार्केटात किटवर पॉझिटिव्ह आणि संध्याकाळपर्यंत मर्यादेच्या आत. आख्ख्या गोव्याने मासे सोडले होते चार दिवस, आमच्या घरी तर सोमवार संपतच नव्हता. तेव्हा लोक चिडले ते फॉर्मेलिनवर, पण मला तेव्हापासून दुसरीच गोष्ट छळते, की कुणीतरी किट घेऊन गेलं म्हणून तो प्रश्न निघाला. त्याच्या आदल्या वर्षी काय खाल्लं होतं आपण? तसंच २०२१ मध्ये एनआयओच्या (आपली दोनापावलाची समुद्रविज्ञान संस्था) लोकांनी नळाच्या पाण्यात मायक्रोप्लास्टिक शोधलं आणि ते सापडलं. लगेच खुलासे आले की पाणी सुरक्षित आहे. असेलही. पण मायक्रोप्लास्टिक किती चालेल याची मर्यादाच ठरलेली नसताना सुरक्षित कशाच्या मानाने?

बाबांना हे सगळं पटत नव्हतं, ते म्हणाले तुम्ही शिकलेली माणसं नसतं भूत उभं करता. मग मी त्यांच्या गुडघ्याचा विषय काढला. रोज रात्री ते डायक्लोफेनॅकचं जेल चोळतात. त्यातलं थोडंच कातडीत जातं, बाकीचं सकाळी आंघोळीच्या पाण्याबरोबर वाहून जातं. हे तेच औषध, ज्याने गिधाडं संपली. माणसावर तपासलेलं, गुरांवर तपासलेलं, दोघांनाही चाललेलं. मेलेल्या गुराचं मांस गिधाड खातं आणि त्याची किडनी बंद पडते हे कुणी तपासलं नव्हतं, कारण यादीत गिधाड नव्हतं. २००४ मध्ये कारण कळलं, २००६ मध्ये गुरांसाठी बंदी आली, तोपर्यंत पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त गेलेली. बाबा लहानपणी बेतोड्याच्या बाजूला गिधाडं बघायचे, ते मलाच सांगतात नेहमी. यावर मात्र ते काही बोलले नाहीत. आणि हेच डायक्लोफेनॅक साध्या एसटीपीत धड मोडत नाही, जगभरच्या सांडपाण्यात सापडतं.

अमेरिकेत स्लज शेतात घालणं कित्येक वर्षं चालू आहे. १९९१ च्या सुमारास तिथल्या सांडपाणीवाल्यांनी त्याचं नावच बदललं, स्लज म्हटलं की लोक नाक मुरडतात म्हणून बायोसॉलिड्स. (नाव बदललं की वास जातो हे आपल्याला नवीन नाही.) १९९३ मध्ये नियम आला, त्यात शेतासाठी मोजक्या धातूंच्या मर्यादा आणि जंतूंच्या अटी. मग २०१८ मध्ये त्यांच्याच ईपीएच्या (तिकडचं पर्यावरण खातं) अंतर्गत तपासणीने सांगितलं की स्लजमध्ये ३५२ अशी प्रदूषकं मिळालीत ज्यांच्याबद्दल सुरक्षित की असुरक्षित हे ठरवायला पुरेशी माहितीच नाही. मेन नावाच्या राज्यात परवाने घेऊन, नियम पाळून शेतकऱ्यांनी स्लज घातलेलं, आणि कित्येक वर्षांनी गवतात, दुधात, विहिरीत पीफास निघाले. ते नॉनस्टिक आणि वॉटरप्रूफवालं रसायन, मोडतच नाही लवकर. २०२२ मध्ये त्या राज्याने शेतात स्लज घालायला बंदी केली. बिचाऱ्या शेतकऱ्यांची काय चूक? त्यांनी पण रिपोर्ट बघूनच घेतलं असणार. स्वित्झर्लंडने तर त्याच्या कितीतरी आधीच शेतातला स्लज बंद करून तो जाळायला घेतला.

पाण्याचं तसंच. इस्रायल आपलं जवळजवळ ९० टक्के सांडपाणी परत वापरतं, त्याचं कौतुक आपल्याकडे प्रत्येक भाषणात असतं, असावंच. पण त्याच इस्रायलमध्ये २०१६ मध्ये एक साधा प्रयोग झाला, ३४ निरोगी माणसांना काही दिवस अशा पाण्यावरची भाजी दिली, काही दिवस गोड्या पाण्यावरची. लघवीत कार्बामाझेपिन सापडलं, फिट्सची गोळी. प्रमाण अगदी बारीक, औषध म्हणून घेतात त्याच्या जवळपासही नाही, हे पण सांगते, उगाच घाबरवायचं नाही. पण वाट तयार आहे, गोळी ते संडास ते प्लांट ते काकडी ते दुसऱ्याचं पोट.

आपल्याकडे काळजी जास्त करायची ती अँटिबायोटिकची. हैदराबादजवळ पाटणचेरूला औषध कंपन्यांचं पाणी साफ करणाऱ्या प्लांटच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यात २००७ मध्ये लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लोक्सासिन मिळालं होतं, पेशंटच्या रक्तात असतं त्याहून जास्त. २०२० मध्ये केंद्राने मसुदा काढला की औषध कारखान्यांच्या पाण्यात १२१ अँटिबायोटिक्सच्या मर्यादा असाव्यात. २०२१ मध्ये शेवटची अधिसूचना आली तेव्हा त्या मर्यादा गायब. मी या धंद्यात होते म्हणून सांगते, टेस्ट करता येत नाही हे कारण नाही. ज्या लॅबमध्ये गोळीतली अशुद्धी ०.१ टक्क्याच्याही खाली मोजतात तिला नाल्यातलं अँटिबायोटिक मोजायला थोडं जड जाईल, महाग पडेल, अशक्य नाही. युरोपने २०२४ मध्ये मोठ्या प्लांटना असली सूक्ष्म प्रदूषकं काढायला लावली आणि त्याच्या खर्चाचा कमीत कमी ८० टक्के भाग औषध आणि कॉस्मेटिक कंपन्यांवर टाकला. कंपन्या अर्थात कोर्टात गेल्या.

आता कुणी म्हणेल, मग काय एसटीपी नको? अरे बाबा, तसं अजिबात नाही. आपल्याकडे गावोगाव सेप्टिक टँक आणि सोक पिट, खाली जांभा दगड, चाळणीसारखा, आणि १५ मीटरवर शेजाऱ्याची बांय (विहीर). रात्री टँकर शेतात नाहीतर व्हाळात सोडून पळणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्यापेक्षा टोंक, बायणा, शिरवडे असे प्लांट शंभर पटीने बरे, अजून व्हायला पाहिजेत, आणि गावात प्लांट येतोय म्हटलं की लगेच बॅनर घेऊन उभं राहणाऱ्यांशी माझं पटत नाही. आणि शेणखत म्हणजे गंगाजल असंही नाही, गुरांना आणि कोंबड्यांना काय काय टोचतात ते मला माहीत आहे. स्लजमध्ये नत्र आहे, स्फुरद आहे, सेंद्रिय भाग आहे, ते फेकून द्यायचं जिवावर येतं. मला फक्त त्या ढिगाचा त्याचा स्वतःचा रिपोर्ट पाहिजे. शहरी कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशात कॅडमियम ५, शिसं १००, पारा ०.१५ मिलिग्रॅम किलोला अशा मर्यादा आहेत, निदान तेवढं तरी मोजून द्या प्रत्येक लॉटला. आणि सरकारी मोठ्या प्लांटच्या स्लजचं सॅम्पल वर्षातून एकदा औषधं आणि पीफाससाठी पाठवा, काय निघेल ते वेबसाइटवर टाका, वाईट निघालं तरी टाका. आपल्या एवढ्याशा राज्यात एनआयओ आहे, विद्यापीठ आहे, वेर्ण्यापासून कुंडईपर्यंत औषध कंपन्यांच्या लॅब आहेत. तोपर्यंत असलं खत बांबूला घाला, रस्त्याच्या मधल्या झाडांना घाला, खायच्या भाजीला नको.

आमचं कुळागर उतरणीवर आहे, वरच्या झरीचं पाणी पाटाने पोफळी, केळी, मिरी करत खाली जातं आणि शेवटी खालच्या घराच्या बांयीत झिरपतं. वर मी जे घालीन ते त्यांच्या तांब्यात. हे बाबांना मी नाही, आईंनी सांगितलं, आणि मग विषय मिटला. मिटला म्हणजे तांबड्या भाजीला शेणखतच गेलं, थोडं कमी गेलं, आणि बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

ढीग तसाच आहे. मी पदरचे पैसे घालून धातूंची टेस्ट करायला दिलीय, रिपोर्ट आला की टाकते. बाकीच्यासाठी विचारलं तर एका लॅबवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून मी फोनच ठेवला. पाऊस पडायच्या आत ते सगळं तिथून हलवून वरच्या बांबूच्या बेटाला घालायचंय, मजूर मिळाले तर.

आणि हो, त्या ढिगावर आपोआप टोमॅटो उगवलेत. चाळीस-पन्नास रोपं, लालबुंद लगडलीत. टोमॅटोचं बी माणसाच्या पोटातून, पाइपातून, आख्ख्या प्लांटमधून सुखरूप बाहेर येतं, एसटीपीवाल्यांना हे नवीन नाही. बाबा रोज संध्याकाळी तिथे जाऊन उभे राहतात आणि मला ऐकू येईल असं म्हणतात, "कसलो कस आसा पळय!" (कसला कस आहे बघ!) फोटो खाली टाकलाय. कुणाकडे आपल्या कॉम्प्लेक्सच्या स्लजचा (पाण्याचा नको, तो सगळ्यांकडे असतो) रिपोर्ट असेल तर तुम्हीही खाली फोटो टाका, इनबॉक्समध्ये पाठवू नका, सगळ्यांना दिसू दे.