‘भोळ्या पालकां’विषयी लिहिणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ, मुलांच्या आयटीपीवरच्या (रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट पेशी कमी होण्याच्या आजारावरच्या) माझ्या लेखाखाली तुम्ही काय लिहिलं ते इतरांसाठी आधी थोडक्यात सांगते. हा आजार कुणाचा लवकर जाईल आणि कुणाचा लांबेल हे ठरवायला गुणांची पद्धत आहे, तरी मी ‘एका लेकराची तारीख कुणी सांगू शकत नाही’ असं लिहून ‘खेड्यातल्या भोळ्या पालकांना अंधारात ठेवते’, हा मुख्य आरोप. लसीचा उल्लेख मी टाळला, नव्या गोळ्यांवर एक ओळ नाही, आणि ‘लॅबमध्ये काचा घासणाऱ्यांनी’ अशा विषयात पडू नये, हे वर. सुरुवात मात्र ‘ताई’ अशी केलीत.

लसीचं मान्य. एमएमआर लसीनंतर साधारण ३० ते ४० हजार डोसांमागे एखाद्या मुलाला आयटीपी होतो, हे लिहायला हवं होतं. गोवर किंवा रुबेला होऊन गेल्यावर तो याहून जास्त वेळा होतो, हेही त्याच ओळीत लिहायला हवं होतं, म्हणून दोन्ही आता लेखात घातलं आहे. गोळ्यांचं बालरक्ततज्ज्ञांना विचारा, तो माझा विषय नव्हता.

काचा मी उभं आयुष्य घासल्या. आयटीपीतल्या प्लेटलेट आकारानं मोठ्या असतात आणि मशीन त्या मोजताना चुकू शकतं. कधी नळीतल्या रसायनानं प्लेटलेटचे गठ्ठे होतात आणि नसलेला आजार कागदावर दिसतो. तेव्हा काच सूक्ष्मदर्शकाखाली धरून खरं काय ते तालुक्याच्या लॅबमधलीच बाई सांगते. हे वाक्य तुम्ही रागात लिहिलं असेल असं समजून सोडून देते.

‘भोळे’ मात्र सोडणार नाही.

आमच्याकडचा माणूस पावसाचा अंदाज ऐकून धूळपेरणी करतो. अंदाज चुकला की दुबार पेरणीचं बियाणं उसनं आणतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा अंदाज ऐकतो. शक्यता म्हणजे काय आणि हमी म्हणजे काय, यातला फरक त्याला तुम्ही शिकवायचा? माझ्या टेबलासमोर लेकराला कडेवर घेऊन उभी राहणारी माय विचारते, “कवा बरं होईन जी हे पोट्टं?” मी तिला सांगते की बहुतेक लेकरं वर्षाच्या आत बरी होतात, शंभरातली वीस-पंचवीस त्यापुढेही राहतात, आणि तुझं कोणत्या बाजूला झुकतंय ते डॉक्टर सांगतील. तिला हे एका दमात समजतं. याला अंधार म्हणता?

तुमची गुणांची पद्धत मला माहीत आहे. नॉर्डिक देशांतल्या डॉक्टरांनी ती मांडली. आजार अचानक आला का, वय दहाच्या आत आहे का, आधी सर्दी-तापासारखा संसर्ग झाला होता का, प्लेटलेट अगदी ५ हजारांच्या खाली आहेत का, तोंडा-नाकातून रक्त येतं का, मुलगा आहे का. जितकी उत्तरं ‘हो’, तितकी लवकर बरं होण्याची शक्यता जास्त, आणि सगळ्यात जड गुण अचानक सुरुवातीला. म्हणजे ज्या लेकराला पाहून मायबाप हादरतात तेच बहुधा लवकर सुटतं, आणि प्लेटलेट ४० हजारांवर असलेली, हळूहळू आजारी पडलेली, हिंडती-फिरती पोरगी मागे राहते. पालकांना हे नक्की सांगावं. पण गुण मुलांच्या गटाबद्दल बोलतात, कडेवरच्या एकाबद्दल नाही.

माझी मुलगी बाराव्या वर्षी आजारी पडली. आधी ताप नाही, सुरुवात सावकाश, आकडा कधी फार खाली गेला नाही. तुमच्या तक्त्याप्रमाणे ती लांबणाऱ्यांतली. वर्ष व्हायच्या आत ती बरी झाली, कायमची. आणि माझ्या बहिणीचं पोरगं चार वर्षांचं, सर्दीनंतर एका रात्रीत अंगभर लाल ठिपके, तोंडात रक्ताचे फोड. सगळे गुण चांगले. त्याचा आजार वर्षाच्या पुढे गेला. घरातली ही दोन लेकरं पाहिल्यावर मला कुणी तक्ता दाखवू नये.

त्या पोराच्या बापाला एका डॉक्टरांनी “तीन महिने” असं ठाम सांगितलं होतं. तीन महिने झाले, प्लेटलेट तशाच. बापानं काढलेला अर्थ सरळ होता: औषध लागू पडत नाही. त्यानं फाईल गुंडाळली आणि बाजाराच्या गावी एकाकडे नेलं. तिथं कमरेत सुई टोचली. आयटीपीत स्नायूत सुई देत नाहीत. पोराचा कुल्ला मांडीपर्यंत काळानिळा झाला, आत रक्त साकळून गोळा झाला. खोट्या तारखेनं काय होतं ते मी तिथं पाहिलं. २००९ मध्ये तज्ज्ञांनीच ‘जुनाट’ म्हणायची सीमा ६ महिन्यांवरून १२ वर नेली, कारण मधल्या काळात बरीच मुलं आपोआप बरी होतात. हे त्या बापाला कुणी सांगितलं असतं तर तो थांबला असता. तो अडाणी नव्हता, त्याला चुकीचं सांगितलं गेलं होतं.

म्हणून माझ्या लेखात तारीख नाही आणि येणारही नाही. तिथं काय आहे ते तुम्ही वाचलंच नाही असं दिसतं: दाबून धरूनही नाक थांबत नसेल, शौच काळी होत असेल, डोक्याला मार लागला असेल, डोकं जोरात दुखून उलट्या किंवा गुंगी येत असेल, तर रात्र असली तरी निघा. मेंदूत रक्तस्राव शंभरात एकापेक्षाही कमी मुलांना होतो, पण तेव्हा उशीर चालत नाही. ॲस्पिरिन, ब्रुफेन नको, आणि स्नायूत सुई टोचू देऊ नका.

पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, मी छापीन. फक्त ज्या मायबापांना तुम्ही भोळे म्हणालात त्यांतले बरेच हे पान मोबाइलवर वाचतात, एवढं ध्यानात ठेवून लिहा.