फ्लो कंट्रीतली झाडं का तोडली?

‘स्कॉटलंडमध्ये पर्यावरणवालेच जंगल तोडताहेत, तेही ओसाड दलदलीसाठी! झाडांनी कार्बन शोषला असता, दलदल उलट मिथेन सोडते,’ अशी पोस्ट सध्या गटागटांत फिरतेय. जागा उत्तर स्कॉटलंडमधली, फ्लो कंट्री. झाडं तोडली हे खरंच आहे.

पण ते जंगल नव्हतं. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये वृक्षलागवडीवर घसघशीत करसवलत मिळायची. श्रीमंतांनी पैसा ओतला, ओली जमीन नांगरली, चर खणून पाणी काढून दिलं आणि सिटका स्प्रूस, लॉजपोल पाइन ही उत्तर अमेरिकेतली झाडं रांगेनं उभी केली. १९८८ च्या अर्थसंकल्पात सवलत गेली, तसं वृक्षप्रेमही आटलं. पुढे १९९५ मध्ये आरएसपीबी या पक्षीसंवर्धन संस्थेनं याच भागातल्या फोर्सिनार्डला जमीन घेतली. तिथे आता झाडं काढून चर अडवले जातात.

‘ओसाड’? लांबून तपकिरी माळ आणि डबकी दिसतात, कबूल. खाली वाकून बघा: स्फॅग्नम शेवाळाची लाल-हिरवी गादी, दाबली की पाणी सुटतं. मधेच किडे पकडणारी दवबिंदू वनस्पती, आपल्या कासच्या पठारावर असते तिचीच बहीण. शेवाळ मरतं, पण साचलेल्या आम्लधर्मी पाण्यात प्राणवायू नसल्यानं पुरतं कुजत नाही. त्याचंच पीट होतं, वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर. काही ठिकाणी ते १० मीटर खोल आहे. हिशोब तुम्हीच करा. इथे सुमारे ४० कोटी टन कार्बन साठलाय. जुलै २०२४ मध्ये या ‘ओसाड’ जागेला जागतिक वारसा ठरवलं गेलं, आणि हे ठरवणारी युनेस्कोची बैठक नवी दिल्लीत भरली होती.

झाडं कार्बन शोषतात, यात वाद नाही. पण चरांमुळे पीट वाळलं की आत हवा शिरते आणि हजारो वर्षं टिकलेलं कुजू लागतं. वर व्याज जमा, खाली मुद्दल खलास. शिवाय लागवडीच्या आडोशानं कोल्हे-कावळे वावरतात. डनलिन, गोल्डन प्लोव्हर असे उघड्यावर घरटी करणारे पक्षी तिच्या कडेला फिरकत नाहीत.

मिथेनचा मुद्दा तेवढा रास्त. ओली दलदल तो सोडते, चर अडवल्यावर काही काळ जास्तच. पण हवेतला मिथेन साधारण दशकभरात विरतो. कार्बन डायऑक्साइड साचत जातो, आणि वाळलेलं पीट तो सोडतच राहतं.

झाडं तोडली की काम संपलं, असंही नाही. नांगराच्या सऱ्या पाणी ओढत राहतात, त्याही बुजवाव्या लागतात. आणि स्प्रूसची रोपं आपसूक उगवतात, ती उपटणं आलंच.