‘चावत नाही ना, मग अंतर कशाला?’

व्हेल शार्क या अजस्र माशाबरोबर पोहायला म्हणून मालदीवची बुकिंगं सुरू झाली की पुण्यातल्या पोहण्याच्या, ट्रेकिंगच्या आणि सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर थोडक्यात असा: व्हेल शार्क शाकाहारी असतो, माणसाला काही करत नाही. तीन-चार मीटर अंतर ठेवा, लाइफ जॅकेट घाला, फ्लॅश बंद ठेवा, ही टूरवाल्यांची नुसती पाटीगिरी. पट्टीच्या पोहणाऱ्यानं खुशाल हात लावून यावं. आणि दर्शनाची खात्रीच हवी असेल तर फिलिपिन्समधलं ओस्लोब गाठावं, तिथे माशांना खायलाच घालतात.

आधी ते ‘शाकाहारी’ निकालात काढू. व्हेल शार्क प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव), बारीक कोळंबी, माशांची अंडी, छोटे मासे असं सगळं पाण्याबरोबर गाळून खातो. तेव्हा श्रावण वगैरे तो पाळत नाही. माणसाला चावत नाही हे मात्र खरं. पण अंतराचा नियम चावण्याच्या भीतीनं केलाय, असं म्हटलंय कोणी?

मालदीवमधल्या दक्षिण आरी अटॉलच्या, म्हणजे कड्यासारख्या प्रवाळबेटांच्या, कडेला दिसणारे व्हेल शार्क बहुतेक वयात न आलेले नर असतात, सहा-एक मीटर लांबीचे. अशा माशाच्या शेपटीचं पातं जवळजवळ माणसाच्या उंचीचं असतं आणि ते सतत डावी-उजवीकडे फिरत असतं. मागे कोण पोहतंय याच्याशी माशाला काही देणंघेणं नसतं. म्हणून तिथे अंगापासून तीन मीटर आणि शेपटीपासून चार मीटर, असा नियम आहे. ऑस्ट्रेलियातल्या निंगालू किनाऱ्यावरही शेपटीपासून दूर राहायला सांगतात, शिवाय एका वेळी दहापेक्षा जास्त माणसं पाण्यात सोडत नाहीत. दुसरं कारण माशाच्या बाजूचं. बोटीतून आठ-दहा जण एकदम धपाधप उड्या मारतात, पायातले फिन्स आपटतात, कुणीतरी थेट तोंडासमोर जाऊन कॅमेरा धरतो. मासा डोकं खाली घालतो आणि निळ्यात उतरतो. झालं दर्शन! मागच्या बोटीतले लोक वर नुसतेच तरंगत राहतात.

आता ‘पट्टीचे पोहणारे’. टिळक टँकवर शंभर मीटर दोन मिनिटांत काढणारा माणूस आपल्याकडे चांगला पोहणारा समजला जातो. हा वेग झाला ताशी तीन किलोमीटर. संथ दिसणारा व्हेल शार्क सहज तेवढ्या वेगानं जातो, आणि त्याला दम लागत नाही. त्याच्यामागे सुटलेल्या माणसाला लागतो. धापा टाकताना स्नॉर्केलमध्ये, म्हणजे श्वास घ्यायच्या तोंडातल्या नळीत, लाट शिरली की पाणी घशात जातं, माणूस डोकं वर काढतो, मास्क उपटतो. टँकमध्ये हात लांब केला की कठडा लागतो. इथे खाली तळ दिसत नाही आणि आजूबाजूला बोटींचे पंखे फिरत असतात. लाइफ जॅकेट यासाठी आहे. ते घातलं की बुडी मारून माशाच्या पाठीवर जाता येत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा, आणि मला वाटतं काहींचा खरा राग त्यावरच असावा.

फ्लॅशचं असं, की व्हेल शार्कला मिटायला पापण्याच नाहीत. काही फार जवळ आलं तर तो डोळाच आत ओढून घेतो. आणि फोटोसाठी म्हणून जवळ जाणाऱ्यांनी हिशेब करावा: एक मीटरवरून सहा मीटरचा मासा चौकटीत मावेल का? जरा लांबून, बाजूनं काढलेला फोटो उलट कामाचा ठरतो. कल्ल्यांमागच्या ठिपक्यांची नक्षी प्रत्येक माशाची वेगळी असते. हबल दुर्बिणीसाठी बनलेली ताऱ्यांचे नकाशे जुळवण्याची पद्धत वापरून संशोधक त्यावरून मासा ओळखतात. त्यांना पर्यटकांचे फोटोही चालतात.

राहिलं ओस्लोब. मेसेजमधला हा सल्ला मला सगळ्यात वाईट वाटतो, कारण तो वरवर शहाणपणाचा दिसतो. तिथे २०११च्या सुमाराला बोटीतून कोळंबी टाकायला सुरुवात झाली. एरवी हजारो किलोमीटर फिरणारा हा मासा मग खाण्यासाठी तिथेच रेंगाळू लागला. बोट म्हणजे खाणं, हे एकदा डोक्यात बसलं की तो दुसऱ्या कुठल्याही बोटीजवळ जातो. तिच्या पंख्याला ते माहीत नसतं. तिथेही चार मीटरचा नियम आहेच, पण एवढ्या गर्दीत तो पाळणार कसा? त्याच देशात डोन्सोलला १९९८पासून खायला न घालता टूर चालतात, आणि एका माशामागे एकच बोट असा तिथला नियम आहे. कधी कधी मासा दिसतच नाही, हेही खरं.

बुकिंग करताना टूरवाल्याला विचारा: एका वेळी पाण्यात किती जण असतात, गाइड स्वतः पाण्यात उतरतो का, मासा दिसल्यावर बोट किती लांब थांबते? आणि तो ‘दर्शनाची शंभर टक्के गॅरंटी’ म्हणाला, तर ती कशाच्या जोरावर देतोय, तेही विचारून घ्या.