हडळ, मुंजा आणि चहाची गाळणी

हॅलोवीनचं कॉकटेल प्यायचं नसतं, मांडायचं असतं. लग्नातल्या रुखवतासारखं. साखरेचा बंगला कधी कुणी खाल्लेला नाही, पण त्याच्यापायी मुलीकडच्या बायका रात्र रात्र जागतात आणि मुलाकडची मंडळी कमरेवर हात ठेवून एकदा बघतात आणि पंगतीकडे वळतात. फरक इतकाच, की रुखवत करणाऱ्या बायकांना आपण काय करतोय ते माहीत असतं. आमचा भाचा मात्र शेवटपर्यंत समजत होता, की हे सगळं कुणीतरी पिणार आहे.

भाचा हिंजवडीला आयटीत. त्याच्या घरमालकाला फ्लॅटमध्ये अंडंसुद्धा चालत नाही, म्हणून पार्टी आमच्या कोथरूडच्या घरी ठरली. "मामा, तू काही करायचं नाहीस. स्वयंपाकघर दे फक्त," असं तो म्हणाला तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला.

त्यातून साल २०२४. हॅलोवीनच्या दिवशीच, ३१ ऑक्टोबरला, नरक चतुर्दशी. म्हणजे पहाटे उटणं लावून अभ्यंगस्नान आणि रात्री भुतं. लक्ष्मीपूजन दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला. यावर घरात बराच खल झाला आणि हिनं निवाडा दिला, "एकतीसला काय तो गोंधळ घाला. पण बाराच्या आत बाटल्या घराबाहेर. लक्ष्मी यायची त्या दिवशी घरात दारू दिसता कामा नये."

आईला हॅलोवीन समजावून सांगायचं काम भाच्यानं आनंदानं घेतलं. आयर्लंडमध्ये कापणी संपून हिवाळा लागायच्या वेळी जुना सण होता, त्या रात्री मेलेली माणसं परत येतात असं मानत, तिकडे लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे, मग हीच माणसं अमेरिकेत गेली आणि तिथे त्यांना भोपळा सापडला, वगैरे. आईनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग तुम्ही उशीर केलात. आपले पितर दोन तारखेला सर्वपित्रीला जेवून गेले की. आता कुणाला बोलावताय?"

भोपळा आणायला मला पाठवलं. दिवाळीच्या तोंडावर मंडईत शिरणं हा एक वेगळा विषय आहे, तो सोडतो. लाल भोपळा आपल्याकडे फोडीवर मिळतो. पाव किलो, अर्धा किलो. आख्खा मागितल्यावर भाजीवाल्या मावशींनी आदरानं विचारलं, "कार्य आहे का? किती पानं?" कोरायला हवाय म्हटल्यावर त्यांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवलं.

आख्खा भोपळा बाईनं पहिल्यांदा चिरायचा नाही, पहिला घाव पुरुषानं घालायचा, असा आमच्या आईचा नियम. भाचा पुरुष असला तरी त्या वेळी फोनवर होता. सुरी निम्म्यात रुतली ती निघेना, तेव्हा नारळाचा कोयता काढला. डोळे जमले. तोंड कोरताना दोन दात मोडले आणि त्या भोपळ्याच्या चेहऱ्यावर असा काही समाधानी भाव आला, की त्याला बघून कुणी दचकणं शक्य नव्हतं. आतला गर आईनं ताब्यात घेतला. गूळ, कणीक, जायफळ. संध्याकाळपर्यंत घारगे तयार होते.

आता पेयांकडे येतो. भाच्याला परदेशी नावं नको होती, अस्सल मराठी भुतं हवी होती. हे मला आवडलं. आपल्याकडे भुतांचा तुटवडा नाही. वेताळ, हडळ, खवीस, समंध, जखीण, मुंजा, प्रत्येकाचं झाड वेगळं, स्वभाव वेगळा. यादीत हडळ म्हणजे काळं पेय, वेताळ म्हणजे अंधारात चमकणारं पेय, आणि टोमॅटोच्या रसातल्या व्होडकाला नाव दिलं 'काका मला वाचवा'. मुंज झाल्यावर लग्नाआधी जो गेला तो मुंजा, म्हणून मुंजा बिनदारूचा. त्याची गरजही होती. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनला एकवीस वर्षं पुरतात, पण व्होडका-जिनला पंचविशी लागते आणि पाहुण्यांतली दोन मुलं चोवीसची होती.

ही यादी आमच्या शेजारच्या काकांनी वाचली. काका सदाशिव पेठेतून कोथरूडला आले त्याला तीस वर्षं झाली असतील, पण पेठ त्यांच्यातून गेलेली नाही. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा. गणपतीचे दिवस होते. त्यांना ऑक्टोबरात कशाला ओढताय?" भाचा म्हणाला, काका, गंमत आहे. काका म्हणाले, "गंमत करा ना. तारखेला करा."

हडळ सगळ्यात आधी बाद झाली. तिचा काळा रंग यायला ॲक्टिव्हेटेड चारकोल लागतो, म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारा कोळसा. तो पोटातलं विष शोषतो म्हणून विषबाधेत देतात, पण त्याला विष आणि औषध यातला फरक कळत नाही. बीपीची गोळीही शोषून घेतो. निमंत्रितांत एकाला बीपी, एकीला थायरॉइड, आणि काका तर गोळ्यांचा डबा घेऊनच फिरतात. नाव फलकावर लिहून झालं होतं म्हणून कोकमाचं आगळ वापरून हडळ केली. ती लाल झाली. हळदी-कुंकवाला आली असती तरी चाललं असतं.

धुराचाही असाच घोळ. भाच्याला ड्राय आइस हवा होता. म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८.५ अंश सेल्सिअस. त्याचं पाणी होत नाही, थेट वायू होतो, म्हणून पेल्यातून धूर ओसंडतो. खडा चुकून गिळला तर तोंड आणि अन्ननलिका भाजते. त्याच वर्षी मार्चमध्ये गुरुग्रामच्या एका हॉटेलात माउथ फ्रेशनर समजून पाच जणांनी तो तोंडात टाकला आणि दवाखान्यात पोहोचले. मी ठाम नाही म्हटलं. भाचा हिरमुसला. आई म्हणाली, "धूर हवाय ना? धूप घालते. नाहीतरी आज धूप असतोच." धुपाटण्यात गोवरीचा निखारा, त्यावर ऊद, आणि त्या धुरावर काचेचे ग्लास पालथे. मोठ्या बारमध्ये लाकडाच्या धुरावर ग्लास धरतात आणि त्याचे वेगळे पैसे लावतात, असं भाचा कौतुकानं सांगत होता. आमच्या ग्लासांना वास आला तो थेट आरतीचा. आज धूप का असतो, हे मात्र आम्ही कुणीच आईला विचारलं नाही.

सामानाचं म्हणाल तर शेकर नव्हता. हिचा फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा घेतला. बर्फ घालून डबा हलवला की आतली हवा गार होऊन आकसते आणि झाकण आत ओढलं जातं, हे शाळेत शिकवलं होतं, पण परीक्षेत आलं नव्हतं. झाकण उघडेना. भाच्यानं ओढलं, मी ओढलं, काकांनी सूचना केल्या. शेवटी हिनं झाकणावर उलथन्यानं चार बाजूंनी टकटक केली आणि एका हातानं उघडून दिलं. गाळायला चहाची गाळणी. पुदिना ठेचायला खलबत्ता, ज्याला सकाळच्या वेलदोड्याचा वास होता. मापाला खोकल्याच्या औषधाचं दहा मिलिलिटरचं झाकण, म्हणजे एका छोट्या पेगला तीन झाकणं. झाकण कितीही धुतलं तरी ज्येष्ठमध येत होता आणि खरं सांगायचं तर तो वाईट लागत नव्हता.

बिटर्स आणायचे राहिले होते. कॉकटेलमध्ये कडू अर्काचे दोन-चार थेंब टाकतात, त्याची छोटीशी बाटली भलतीच महाग असते. आई म्हणाली, "कडू हवं तर सकाळचं कारीट आहे की." पहाटे अंघोळीनंतर डाव्या पायाच्या अंगठ्यानं नरकासुर म्हणून फोडलेलं ते कारीट. भाच्यानं क्षणभर विचार केला, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

डोळ्यांवरून आठवलं. डबाबंद लिचीच्या पोकळीत काळं द्राक्ष बसवलं की बुबुळ होतं. पण आपली द्राक्षं जानेवारीनंतरची, ऑक्टोबरात कुठली आणणार. घरात फराळासाठी मनुका होत्या, त्या भिजवून फुगवल्या आणि बसवल्या. मनुकेला सुरकुत्या असतात. त्यामुळे ते डोळे भयानक न दिसता निवृत्त दिसत होते.

बर्फाचा हात म्हणजे रबरी हातमोज्यात पाणी भरून गाठ मारायची आणि गोठवायचं. फ्रीजरमध्ये खवलेला नारळ, मटार आणि त्यात हा पंजा. कामाच्या मावशी दुपारी आल्या, त्यांनी फ्रीजर उघडला. आम्ही बाहेर कान देऊन उभे. आतून आवाज आला, "वहिनी, ह्यो हात जरा बाजूला ठिवू का? नारळ निघंना." मोजा कात्रीनं कापताना करंगळी आणि अंगठा तुटला. उरलेली तीन बोटं पंचपात्रात तरंगत ठेवली.

टोमॅटोच्या रसात मीठ, मिरपूड, लिंबू आणि तिखट सॉस घालून ठेवला होता. आईनं चमचाभर चाखला. "सार चांगलं झालंय. फोडणी राहिलीय." आम्ही ग्लासांच्या कडेला रक्ताचे ओघळ काढण्यात गुंतलो होतो, तेवढ्यात निम्म्या 'काका मला वाचवा'ला तुपाची, जिऱ्याची आणि कढीपत्त्याची फोडणी बसलीसुद्धा. व्होडका अजून घातलेली नव्हती, ही देवाची कृपा.

वेताळ मात्र खरंच जमला. टॉनिक वॉटरमध्ये क्विनाइन असतं, मलेरियावर देत ते. त्यावर अतिनील प्रकाश पडला की ते निळं चमकतं. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून नोटा तपासायचा दिवा उसना आणला. घरातले दिवे घालवले, हा लावला आणि ओळीनं मांडलेले ग्लास असे निळेशार पेटले, की काकासुद्धा दोन सेकंद गप्प बसले. मग त्यांनी खिशातून पाचशेच्या नोटा काढल्या आणि दिवा आहेच तर तपासून घेतल्या.

मुंजासाठी बाल्कनीतल्या वेलावरची गोकर्णाची फुलं आईनं स्वतः तोडून दिली, देवाची बाजूला काढून. गरम पाण्यात फुलं टाकली की पाणी निळं होतं आणि लिंबू पिळलं की बघता बघता जांभळं. हा प्रयोग आईला इतका आवडला, की पाहुणे यायच्या आत अर्धा मुंजा तिनं करून दाखवण्यात संपवला.

भाचा दुपारीच बाटल्या घेऊन आला होता, आणि सोबत एक दिवसाचा परवानाही. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचे पाच रुपये. परवाना मिळतो तो आरोग्याच्या जपणुकीसाठी. तो कागद त्यानं अभिमानानं फ्रीजवर चुंबकानं लावला होता.

आठच्या पुढे पाहुणे आले. चेहऱ्याला पांढरं फासलेले, एकीनं हिरवी साडी नेसून केस सोडलेले. वॉचमननं सगळ्यांची नावं वहीत लिहून घेतली होती. फलकाचे फोटो झाले, भोपळ्याचे झाले, तीन बोटांचे झाले, निवृत्त डोळ्यांचे झाले. भाच्यानं पहिला ग्लास पुढे केला.

"नको रे," खवीस म्हणाला. "आज गुरुवार."

शांतता पसरली. मग हिरव्या साडीतल्या हडळीनं हळूच सांगितलं, तिचाही गुरुवार असतो, स्वामींचा. एक जण दत्ताचा होता. एकाचं स्वतःचं काही नव्हतं, पण त्यानं आईला शब्द दिला होता. भाच्यानं माझ्याकडे बघितलं, मी हिच्याकडे, हिनं कालनिर्णयकडे. काका कोपऱ्यातून म्हणाले, "मला सकाळपासून माहीत होतं. पण विचारलं कुणी?"

सगळ्यांना मुंजा हवा होता आणि मुंजा संपत आला होता. आईनं सार पुढे आणलं, भात टाकला, घारगे काढले. भुतं पंगतीला बसली.

पण वेताळ वाया जाणार हे खवीसालाच सहन होईना. त्यानं जेवता जेवता मार्ग काढला. "बारा वाजता शुक्रवार लागतो. बारा पाचला घेऊ." ही म्हणाली, "बारानंतर लक्ष्मीपूजनाचा दिवस." तेव्हा तो म्हणाला, "मामी, पंचांगाप्रमाणे दिवस सूर्योदयाला बदलतो. म्हणजे तुमचं लक्ष्मीपूजन सकाळी सुरू. माझा गुरुवार इंग्रजी कॅलेंडरचा, तो बाराला संपतो. मधले सहा तास कुणाचेच नाहीत."

इतका चोख युक्तिवाद मी पुण्यातही फार वेळा ऐकलेला नाही. काकांनी मान डोलावली. मग विचारलं, "आणि तुझ्या गुरुवारला पंचांग का लावायचं नाही?" त्यावर पाऊण तास चर्चा झाली. तेवढ्यात पहाटे चारला उठून अंघोळ केलेला खवीस सोफ्यावर बसल्या बसल्या घोरायला लागला आणि त्याच्या गालावरचं पांढरं उशीच्या अभ्र्याला लागलं.

पावणेबाराला हिनं सील न फोडलेल्या बाटल्या पिशवीत घालून भाच्याच्या हातात दिल्या, गाडीच्या डिकीत ठेव म्हणाली. भाचा लिफ्टपाशी गेला आणि तसाच परत आला. फ्रीजवरचा परवाना काढून त्यानं दिव्याखाली धरला. त्यावर ३१ तारीख होती. हिंजवडी गाठायला अर्धा तास तरी लागणार होता.

"मामा," तो म्हणाला, "काकांकडे परवाना असेल का रे? आयुष्यभराचा?"

काकांकडे होता. पण त्यांनी तो शोधायला घेतला तेव्हा बाराला दोन मिनिटं होती.